हातावर बीपी कमी, तरी मेंदूत रक्तस्राव?

प्रश्न : माझ्या 24 वर्षांच्या मुलीला टाकायासू आर्टरायटिस आहे. स्टेरॉइड आणि अ‍ॅस्पिरिन चालू आहे. हल्ली तिचं डोकं सारखं दुखतं. या आजारात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो असं कळलं. पण डाव्या हातावर बीपी जेमतेम 96/60 भरतं, मग धोका कसा? अ‍ॅस्पिरिन थांबवू का?
– एक आई, मिरज

उत्तर : डाव्या हाताच्या त्या आकड्यावर विसंबू नका. या आजारात महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांना सूज येऊन त्या अरुंद होतात. डाव्या हाताकडे जाणारी धमनी त्यात वारंवार सापडते. ती अरुंद झाली की हातात दाब पोचतच नाही आणि यंत्र कमी आकडा दाखवतं. मूत्रपिंडाची धमनीही अरुंद असेल तर मूत्रपिंड रेनिन हे दाब वाढवणारं द्रव्य सोडतं आणि शरीरातला खरा दाब 180-200 पर्यंत चढलेला असू शकतो. टाकायासूत मेंदूतली रक्तवाहिनी फुटते ती बहुतेक वेळा अशा लक्षात न आलेल्या दाबामुळे. धमनीला आलेला फुगवटा फुटणं हे त्यामानानं विरळा.

म्हणून याच आठवड्यात, शक्यतो उद्याच, दोन्ही हात आणि दोन्ही पाय असं चारही ठिकाणी बीपी मोजून घ्या. मुलीला पाच-दहा मिनिटं आडवं पडू द्या, मांडीला रुंद पट्टाच लावायला सांगा. हाताचा अरुंद पट्टा मांडीवर खोटा जास्त आकडा देतो. पायाचं वरचं बीपी हातापेक्षा 10-20 नं जास्त असणं स्वाभाविक आहे. फरक याहून बराच मोठा असेल तर यापुढे बीपीच्या औषधाचा डोस पायाच्या आकड्यावर ठरायला हवा. पोटातली महाधमनीच अरुंद असेल तर पायही फसवतात. तेव्हा अँजिओग्राफीत कॅथेटरनं, म्हणजे धमनीत सरकवलेल्या बारीक नळीनं, आतला दाब मोजतात.

अ‍ॅस्पिरिन स्वतःहून थांबवू नका. ती गुठळी होऊ नये म्हणून आहे. मात्र पायाचं बीपी चढलेलं निघालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइड तर एकाएकी कधीच तोडू नये. डोकेदुखीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका. त्यानं बीपी वाढतं, शिवाय स्टेरॉइड आणि अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला जठरातून रक्तस्रावाची भीती. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, लोणचं-पापड धरून.

अचानक असह्य डोकेदुखी, उलटी, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, फिट किंवा एक बाजू लुळी पडणं यांपैकी काहीही दिसलं तर 108 ला फोन करा, कुशीवर निजवा, तोंडानं काही देऊ नका, लक्षणं सुरू झाल्याची वेळ टिपून ठेवा. सीटी स्कॅन होऊन रक्तस्राव नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिनही नको. फाइलच्या पहिल्या पानावर आजच मोठ्या अक्षरात लिहा : ‘टाकायासू. बीपी पायावर मोजावं.’ अपघात विभागात नवे डॉक्टर सवयीनं हातच पुढे करायला सांगतात.