वाचक विचारतात: सोसायटीतल्या ईव्हीचा करंट कुणाचा?

प्रश्न : आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीत तिघांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या. आपापल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल ओढायची परवानगी ते मागत आहेत. गाडी नसलेल्यांचा विरोध आहे. काय करावे? (सेक्रेटरी, ठाणे)

उत्तर : सरसकट नकार देऊ नका. घरच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर वीज ग्राहक हक्क नियमांनुसार ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. पण तिघांना तीन केबल ओढू दिल्या, तर खरा तंटा पुढे उभा राहतो. इमारतीची शिल्लक वीजक्षमता (लोड) पहिले सातआठ जण खाऊन टाकतात आणि नवव्याला ‘ट्रान्सफॉर्मर वाढवा, खर्च तुमचा’ असे ऐकावे लागते. तो नववा बहुधा आज विरोध करणाऱ्यांपैकीच असतो.

म्हणून आधी लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून इमारतीची विजेची कमाल मागणी, विशेषतः रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेतली, मोजून घ्या. ३.३ किलोवॅटचे २० चार्जर एकाच वेळी चालले तर ६६ किलोवॅट लागतील. प्रत्यक्षात रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला साधारण ६ युनिट, म्हणजे जेमतेम दोन तास पुरतात. वीस गाड्यांचे १२० युनिट आठ तासांत विभागले तर सरासरी १५ किलोवॅट! त्यामुळे आळीपाळीने चार्ज करणारी लोड मॅनेजमेंटची सोय पहिल्या दिवसापासून हवी. सगळे ७.४ किलोवॅटचे चार्जर मागू लागले, तर नम्रपणे नाही म्हणा. रात्रभर उभ्या गाडीला त्याची गरज नसते.

खर्चाची विभागणी अशी करा : मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतची मुख्य केबल, ट्रे आणि वितरण पेटी सर्वसाधारण सभेच्या ठरावाने सोसायटीची. तिथून पुढचा चार्जर, सब-मीटर आणि वीजबिल ज्याची गाडी त्याचे. घरच्याच मीटरवर भार टाकल्यास युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात, हे सदस्यांना आधीच सांगा.

कामात कसूर होते ती सॉकेटमध्ये. ३.३ किलोवॅटला १४ अँपिअरहून जास्त प्रवाह तासन् तास वाहतो. घरगुती १५ अँपिअरच्या प्लगची पकड सैल झाली की तो तापतो, मग वितळतो. म्हणून औद्योगिक प्रकारचा सॉकेट, प्रत्येक पॉइंटला ३० मिलीअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), किमान ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर (अंतर लांब असेल तर ६) आणि तपासलेले अर्थिंग. अर्थिंग नसेल तर अनेक चार्जर सुरूच होत नाहीत. मग इलेक्ट्रिशियन न्यूट्रल आणि अर्थ जोडून ‘काम करून देतो’. असे करू देऊ नका, गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो.

प्रश्न : मी भाडेकरू, स्कूटर आहे, ठरलेली पार्किंग नाही. खिडकीतून एक्स्टेन्शन सोडू का? (पुणे)

उत्तर : मुळीच नाही. स्कूटरची बॅटरी २ ते ४ युनिटची असते; दुचाकींच्या रांगेत सब-मीटर लावलेले दोन सामाईक पॉइंट पुरतात. भाडेकरूलाही ते खुले राहतील, असे ठरावात लिहून घ्यायला मालकामार्फत पत्र द्या. या पॉइंटचा दर वीजबिलाच्या दरात देखभालीची थोडी रक्कम मिळवून ठरतो. चार्जिंगसाठी वीज पुरवायला वेगळा परवाना लागत नाही. काढता येणारी बॅटरी असेल तर जिन्यात किंवा घराच्या दारापाशी चार्जिंगला लावू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.