वाचकांचे प्रश्न : तो तोफगोळाच आहे का?

प्रश्न : इंग्लंडमधले व्हिडिओ बघून बघून शेवटी ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला. घणसोलीला राहतो, त्यामुळे बेलापूरचा किल्ला जवळ, घोडबंदरही फार लांब नाही. रविवारी जाऊन शोधलं तर चालेल ना? आणि एक, सोसायटीच्या बागेत लावून बघितला तर नुसता कुईकुई ओरडत राहतो. मशीन खराब निघालं का?
(एक वाचक, घणसोली)

उत्तर : मशीन बहुतेक ठीक असणार, ओरडतेय ती आपली जमीन. इथला खडक बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचंच खनिज, आणि साध्या डिटेक्टरला ते सगळं धातूच वाटतं. ग्राउंड बॅलन्स नावाचं सेटिंग असेल तर जिथे काही पुरलेलं नाही अशा जागी कॉइल, म्हणजे खालची गोल चकती, जमिनीच्या वर-खाली पंप करत आवाज शांत होईपर्यंत ते जुळवा, सेन्सिटिव्हिटी कमी ठेवा. खाडीकाठी खाऱ्या चिखलाचा त्रास वेगळाच, तिथे मल्टी-फ्रिक्वेन्सी किंवा पल्स अशा वेगळ्या जातीचं मशीन लागतं. अजून एक, नवीन माणूस वैतागून लोखंडाचा सिग्नल बंद करतो, मग खिळे जातात हे खरं पण तोफगोळा, भाल्याचं टोक, तलवारीचा तुकडा, सगळं लोखंडीच की हो, तेही जातं, आणि उरतात बिअरच्या बाटल्यांची झाकणं, जी मस्त खणखणीत सिग्नल देतात.

आता किल्ल्याचं. नाही चालणार. इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट आहे, शेतमालकाची परवानगी घेऊन शोधता येतं, सापडलेल्या वस्तूची नोंद करायला माणसं नेमलेली आहेत. आपल्याकडे अजून १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा चालतो. त्यात जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, लपवलं तर वर्षभर कैद होऊ शकते. दहा रुपयांत आज कटिंग चहा येतो, म्हणजे काय ते समजा. संरक्षित किल्ल्यावर तर परवान्याशिवाय खणणंच गुन्हा आहे. येऊरचा विचार असेल तर ते नॅशनल पार्क, आणि ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं सेंट्रल जेल, तिथे आत जायचे मार्ग वेगळे असतात!

मग मशीनचं करायचं काय? गावी स्वतःचं शेत असेल तर तिथे हात बसवा. मित्राची अंगठी मैदानात पडली तर तुम्ही हिरो. बांधकामाच्या खोदाईत काही वर आलंच तर त्याची जागा, खोली, शेजारी काय होतं याचे फोटो काढा, नकाशावर खूण करा आणि कळवा. एक गोळी म्हणजे नुसतं शिसं असतं हो, पण पंचवीस गोळ्या कुठल्या बाजूला कशा पडल्यात हे कळलं तर हल्ला कुठून झाला ते सांगता येतं. उपटून खिशात घातल्या की ते गेलं.

प्रश्न : उल्हासनगरला मामाच्या घराचा पाया खणताना पितळी काडतूस मिळालं. मामा म्हणतो महायुद्धातलं आहे. कसं ओळखायचं?
(एक वाचक, कळवा)

उत्तर : पहिलं म्हणजे पुढे टोकाला गोळी अजून बसलेली आहे का ते लांबूनच बघा. असेल तर ते जिवंत समजा, हात न लावता ११२ ला फोन करा, बॉम्बशोधक पथक येऊन नेतं. किती गंजलंय यावर जाऊ नका. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा भरलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं, त्यानंतर अनेक दशकांनी गाळ काढताना तिथे जिवंत तोफगोळा मिळालाय.

गोळी नसेल, नुसती पुंगळी असेल आणि मागच्या टोपीवर पिन आपटल्याचा खड्डा असेल तर ते उडवलेलं आहे. लांबी मोजा. साधारण ५६ मिलिमीटर आणि बुडाला बाहेर आलेली कड असेल तर थ्री-नॉट-थ्री, म्हणजे महायुद्धातल्या इंग्रजी रायफलीचं. बुडाला कड नाही, नुसती खाच आहे आणि लांबी ५१, तर ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीचं, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं. मग भिंग घेऊन बूड वाचा. ‘केएफ’ म्हणजे खडकीची दारूगोळा फॅक्टरी, १८६९ पासूनची, आणि शेजारचे आकडे सहसा वर्षाचे. मामांचं म्हणणं अशक्य नाही, उल्हासनगर वसलंच महायुद्धातल्या कल्याण मिलिटरी कॅम्पच्या जागी. पण आपले पोलीस २००८ सालीही थ्री-नॉट-थ्री घेऊन फिरत होते, त्यामुळे साल वाचल्याशिवाय मामांचं ऐकू नका. आणि शस्त्र कायद्यात काडतुसाचे भागही येतात, तेव्हा जवळच्या पोलीस स्टेशनला दाखवलेलं बरं, शोकेसमध्ये नंतर.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीजवळ एक भंगारवाला लोखंडी गोळा दाखवतोय, चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेतला म्हणतो, दोन हजार सांगतोय. मी मोजला, ७५ मिलिमीटर व्यास, वजन एक किलो सातशे वीस. घेऊ का?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : मोजलात हे फार छान केलंत, त्यातच उत्तर आहे. ७५ मिलिमीटरच्या गोळ्याचं आकारमान सुमारे २२१ घन सेंटिमीटर. तुमच्या वजनाला त्याने भागा, घनता ७.८ येते, म्हणजे पोलाद. ओतीव लोखंडाचा असता तर एक किलो सहाशेच्या आत भरला असता, आणि शेकडो वर्षं गंजलेला अजून हलका. शिवाय व्यास बरोब्बर ७५ कसा? तेव्हाचे फिरंगी गोळे पौंडात ठरायचे, तीन पौंडी, सहा पौंडी, नऊ पौंडी, आणि आपले देशी तर बऱ्यापैकी ओबडधोबड, दगडीसुद्धा असायचे. तुमचा हा बॉल मिलमधला गोळा आहे, दगड-रसायनं दळायच्या ड्रममध्ये असे ढिगाने असतात आणि आपल्या औद्योगिक पट्ट्यात ते भंगारात येणारच. मधली जोडाची रेघ दाखवून तो ‘साच्यातला आहे’ म्हणेल, पण साच्यातले दोन्ही असतात. किलोच्या भावाने देत असेल तर पेपरवेट म्हणून घ्या!

आणि कधी गोळ्याला भोक दिसलं, आत पोकळ वाटला, तर तो दारू भरायचा गोळा असू शकतो. खरवडू नका, ड्रिल तर अजिबात नाही.

प्रश्न : चेंदणीच्या खाडीकाठी शिशाचा गोलसर तुकडा मिळाला, वर पांढरा थर आहे. बंदुकीची गोळी असेल का? आई म्हणते चिंच लावून चकचकीत कर.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : आरपार भोक असेल तर ते कोळ्यांच्या जाळ्याचं शिसं, चेंदणीत तेच जास्त मिळणार. भोक नाही, व्यास साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास आणि वजन ३२ ग्रॅम भरलं तर ब्राउन बेस या इंग्रजी बंदुकीची गोळी असू शकते. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला लढून घेतला, तेव्हा असा माल इथे असणं नवल नाही, आणि तसं निघालं तर वर सांगितलेलं कलेक्टरचं लागू होतं. आपटून चपटी झाली असेल तर झाडलेली, गोल असेल तर बहुधा पडलेली.

चिंच, लिंबू, पितांबरी काहीही नको. तो पांढरा थर शिशाला पुढच्या गंजापासून वाचवतो, आणि तो विषारीही आहे. साध्या पाण्याने माती काढा, वाळवा, प्लास्टिकच्या डबीत ठेवा (लाकडी डबीतल्या वाफा शिशाला खातात), आणि हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.