एफ-१५० घेण्याआधी गॅरेज आतून मोजून घ्या

नाशिकहून डॅलसजवळ बदली होतेय, दोन गाड्यांचं गॅरेज असलेलं घर भाड्याने बघताय आणि चार दारांची फोर्ड एफ-१५० (पिकअप ट्रक) घ्यायची आहे. ती आत मावेल का, हा तुमचा प्रश्न. मावते, पण इंचाइंचाने. म्हणून आधी घर ठरवा, मग ट्रक.

नाशकात पोर्चमध्ये हायलक्स उभी राहते, तो अंदाज इथे धरू नका. हायलक्स ५.३ मीटर, तर सुपरक्रू म्हणजे चार दारांची केबिन आणि साडेपाच फुटी हौद (मागचा माल ठेवायचा उघडा भाग) असलेली एफ-१५० जवळपास ५.९ मीटर, म्हणजे १९ फूट ४ इंच. साडेसहा फुटी हौद घेतलात तर २० फूट ४ इंच. जाहिरातीतलं २० बाय २० गॅरेज आतून बरेचदा त्याहून कमी भरतं. समोरच्या भिंतीशी घरात जायची पायरी किंवा चौथऱ्यावरचा वॉटर हीटर असला, तर तिथेच फूटभर गेला. एजंटकडून तीन मापं लेखी मागवा: बंद दाराच्या आतल्या बाजूपासून समोरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंतचं अंतर, दाराची रुंदी, आणि दार पूर्ण उघडल्यावर खाली लोंबणाऱ्या भागाची उंची. अंतर २१ फूट असेल तर साडेपाच फुटी हौदाची निर्धास्त घ्या. २० फुटांत पुढेमागे मिळून जेमतेम ८ इंच उरतात. मला ते रोजच्यासाठी अपुरं वाटतं.

रुंदीत खरी अडचण आरशांची. आरसे उघडे असताना ट्रक ९६ इंच, मिटल्यावर ८४. दोन वेगळी दारं असतील आणि प्रत्येक ८ फुटी, म्हणजे ९६ इंची, तर आरसे मिटल्याशिवाय आत शिरताच येणार नाही. १६ फुटी एकच दार कधीही बरं. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून ट्रक उजव्या भिंतीला चिकटवून लावा आणि डावीकडे दार उघडायला अडीच फूट सोडा. दाराची उंची सहसा ७ फूट. मूळ ट्रक साडेसहा फुटांच्या आत राहतो, पण उंची वाढवणारं किट किंवा छतावरचं कॅरिअर लावायचं असेल तर पुन्हा मोजा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मागच्या टोकाला. दार आपोआप बंद होताना वाटेत काही आहे का, हे किरणाने ओळखणारे सेन्सर जमिनीपासून ६ इंचांच्या आत असतात आणि ट्रकचा बंपर त्याच्या बराच वर. बंपर दाराच्या रेषेबाहेर राहिला तरी किरण तुटत नाही, आणि दार सरळ त्यावर उतरतं. धक्का बसल्यावर ते उलटं वर जातं, पण तोवर पत्रा चेपलेला असतो. म्हणून हिचचा बॉल-माउंट (ट्रेलर जोडायला मागे बसवतात तो दांडा) ओढायचं काम नसेल तेव्हा काढून ठेवा. तो एकटाच ८-१० इंच खातो. पुढच्या चाकासाठी रबरी स्टॉपर चिकटवा. ट्रक बरोबर जागी असताना छतापासून दोरीने टेनिसचा चेंडू काचेला टेकेल असा टांगा.

निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने २० बाय २० फुटांचा चौकोन आखा. त्यात १९ फूट ४ इंच बाय ६ फूट ८ इंच ट्रक, शेजारी दुसरी गाडी आणि वॉटर हीटरही आखा, मग त्यातून दोघांनी चालून बघा.

भाडेकरारासोबत एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियमही मागवा. काही वसाहतींत रात्री रस्त्यावर गाडी लावू देत नाहीत, आणि ट्रक आत मावला नाही तर ड्राइव्हवे एवढीच जागा उरते.