रंगपाणी : प्रश्न तुमचे, उत्तरं सरांची

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी मी नळदुर्गला जाऊन किल्ल्याची जलरंगातली चित्रं काढतो. मध्यंतरी मोबाइलवर इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमधल्या किल्ल्यांची चित्रं पाहिली. भिंती कशा धुक्यात विरघळल्यासारख्या! माझा तट मात्र डांबर फासल्यासारखा काळा होतो, आणि आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) अर्ध्यातच वाळून डाग पडतात. पाणी कमी पडतं का? धबधब्याला पांढरा रंग लावावा का?
— एक वाचक, उमरगा

उत्तर : पाणी कमी पडत नाही हो, हवा वेगळी आहे. नॉर्थम्बरलंड म्हणजे स्कॉटलंडच्या सीमेवरचा परगणा, एका अंगाला समुद्र. दमट हवेत वॉश बराच वेळ ओला राहतो, कडा आपसूक मऊ पडतात. इंग्रज चित्रकार टर्नरनं १७९७ साली ट्वीड नदीकाठचा नॉरहॅमचा किल्ला पाहिला आणि पुढं आयुष्यभर तो रंगवला. उतारवयातल्या तैलचित्रात तर किल्ल्याचा नुसता निळसर डाग उरलाय. पण आपल्या नळदुर्गच्या बोरी नदीकाठी मार्चच्या उन्हात ते धुकं आणायचं कुठून? आणि कशाला?

त्याच परगण्यातला बॅम्बराचा किल्ला बघा. टर्नरच्याच वयाच्या थॉमस गर्टिननं तो जलरंगात केलाय. हा किल्ला ज्या काळ्या कातळावर उभा आहे तो डोलेराइट, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाचा, बसाल्टचा, सख्खा भाऊ. तुमच्या कामाचं चित्र ते.

आता तुमचा काळा तट. ट्यूबमधला काळा पेटीतून काढूनच टाका. सकाळी आठच्या उन्हात तटाजवळ जाऊन बघा, दगड करडा-तपकिरी दिसतो, मध्येच दगडफुलाचे पिवळट-पांढरे ठिपके. पावसात भिजला की निळी झाक मारतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्या, पण पॅलेटवर घोटू नका. कागदावरच अर्धवट मिसळू द्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा फुकटात मिळतो.

सरावाला नळदुर्गचा नवबुरूज घ्या, नऊ पाकळ्यांचा तो बुरूज. त्याच्या एका पाकळीवर ऊन, लगेच शेजारी सावली. आधी सगळ्या बुरुजावर यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) पातळ हात फिरवा. तो खडखडीत वाळला की सावल्या एकेका फटकाऱ्यात टाका आणि पुन्हा ब्रश लावू नका. तिथली कड धारदार राहिली तर राहू द्या. मराठवाड्यातलं ऊन तसंच पडतं. (कड दिसली की ओला ब्रश घेऊन ती पुसत बसणारे विद्यार्थी मी जन्मभर बघितले. भिंतीचा कापूस होतो.)

आकाशासाठी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर चिकटवा, बोर्ड सावलीत जरा तिरपा धरा, मोठा ब्रश भरून घ्या आणि मध्ये थांबू नका. पूर्ण शीटचा हट्ट कशाला? पाव शीट पुष्कळ. कागद मात्र जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शक्यतो सुती.

पांढरा रंग नको. किल्ल्यातल्या पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात तेव्हा पाण्यासाठी कोरा कागदच सोडा आणि बाजूची भिंत गडद करा. धारेच्या कडेला जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढा. मास्किंग फ्लुइड (कोरी ठेवायची जागा झाकणारा रबरी द्रव) वापरणार असाल तर लावून उन्हात ठेवू नका, काढताना कागदाचा पापुद्रा सोबत घेऊन येतं.