बरीच वर्षं अर्धवट पडलेलं विमानाचं मॉडेल किट पूर्ण करावं की फेकून नवीन घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं, किट दहाएक वर्षं खोक्यात पडून आहे, धड आणि पंख जोडून झालेत, रंग लागलेला नाही, डेकल्स (विमानावरच्या खुणांची, पाण्यात भिजवून लावायची चित्रं) पिवळी पडलीत, आणि आता उघडून बघायचीही इच्छा होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: फेकू नका, पूर्ण करा. माझं हॉकर टायफून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल, असंच बारा वर्षं पडून होतं. आज ते माझ्या टेबलावर उभं आहे.

आधी एवढंच आठवा की काम नेमकं कुठे थांबलं. वेळ नव्हता, हे आपण सगळेच म्हणतो. पण बहुतेक वेळा एखादी ठरावीक जागा असते, जिथे हात अडला आणि झाकण बंद झालं.

माझा हात अडला शेपटीपाशी. सुरुवातीच्या टायफूनची शेपटी उडताना तुटून पडायची, माणसं जायची. त्यावर उपाय म्हणून शेपटी धडाला जिथे जोडली जाते, त्या सांध्याभोवती धातूच्या २० छोट्या पट्ट्या रिव्हेटने ठोकल्या गेल्या. मूळ दोष एलिव्हेटरच्या (शेपटीवरच्या, विमान वर-खाली वळवणाऱ्या हलत्या फळीच्या) थरथरण्यात होता हे पुढे लक्षात आलं, पण पट्ट्या तशाच राहिल्या आणि त्या टायफूनची खूण बनल्या. किटवर त्या बारीक उठावाच्या असतात. धडाच्या दोन भागांमधली फट मी पुट्टीने भरली, पॉलिश पेपरने घासत बसले, आणि शिवणीला लागून असलेल्या चार पट्ट्या सपाट होऊन गेल्या. मला फार वाईट वाटलं. मी सगळं खोक्यात भरलं आणि ते कपाटाच्या वर गेलं.

बारा वर्षांनी त्या चार पट्ट्या मी चिकट ॲल्युमिनियम टेपमधून कापल्या. काचेच्या तुकड्यावर टेप लावायची, नवीन ब्लेडने आधी एक अरुंद पट्टी कापायची, मग तिचेच एकसारखे तुकडे पाडायचे. टूथपिकच्या टोकाने एकेक तुकडा उचलून जागेवर ठेवला, दाबला. वरून प्रायमर मारल्यावर मूळच्या पट्ट्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या, हे मलाही शोधावं लागलं. सगळं मिळून तासाभराचं काम. म्हणून म्हणते, ती अडलेली जागा सगळ्यात आधी हातात घ्या. सोपी कामं आधी उरकून अवघड शेवटी ठेवलंत, तर किट पुन्हा तिथेच थांबेल.

आता बाकीचं. खोकं ट्रेमध्ये उपडं करा आणि माहितीपत्रकाशी एकेक भाग ताडून बघा. काही हरवलं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. मग सगळं कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने, मऊ ब्रशने धुवा. धूळ आणि बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. सिंकच्या जाळीवर गाळणी ठेवायला मात्र विसरू नका.

जुने सांधे हलक्या हाताने दाबून बघा. मॉडेलचा सिमेंट, म्हणजे किटसाठीचा खास गोंद, प्लास्टिक विरघळवून जोडतो, त्यामुळे तो सांधा सहसा पक्का असतो. सुपरग्लूचा सांधा वर्षांनी ठिसूळ होतो. तो वाकडा बसला असेल आणि उकलायचाच असेल, तर मॉडेल काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग तो सहज सुटतो. तुमचं विमान पुढच्या चाकाचं असेल तर नाकात वजन भरलं होतं का, हेही पाहा. नाही तर शेवटी ते शेपटीवर बसेल. धड बंद झालं असलं तरी पुढच्या चाकाच्या खाचेतून शिशाचे छर्रे आत सोडता येतात.

राखाडी प्रायमरचा पातळ हात मारला की शिवणीतल्या उरलेल्या फटी आपोआप दिसतात. कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला, सुपरग्लू कधीच लावू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढरं धुकं धरतं. साधा पांढरा गोंद पुरतो, आणि जास्तीचा ओल्या ब्रशने पुसता येतो.

रंगाबद्दल एकच सांगते. जून १९४४ च्या नॉर्मंडी चढाईसाठी दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे काढले होते. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, म्हणजे १/७२ मध्ये सव्वासहा मिलिमीटरहून किंचित जास्त. आधी सगळा भाग पांढरा रंगवायचा, मास्किंग टेप लावायची, मग काळा. माझ्या एका पट्ट्याखाली टेपमधून रंग झिरपला. तो दुरुस्त करायला ब्रश उचलला होता, तेवढ्यात त्या काळातले फोटो पुन्हा पाहिले. खरे पट्टे घाईघाईत हाताने ब्रश मारून काढलेले होते, कित्येकांच्या कडा वाकड्या आहेत. मी ब्रश खाली ठेवला.

डेकल्सचं सगळ्यात शेवटी लिहितेय, पण ते काम तुम्ही आजच सुरू करा. डेकल्सचं पत्रक आधी स्कॅन करून ठेवा. मग पारदर्शक पिशवीत घालून, छापील बाजू बाहेर करून, ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला चिकटवा. पिवळेपणा उन्हाने उतरतो, मात्र त्याला काही आठवडे लागतात. त्यानंतर, जे वापरायचं नाही असं एखादं डेकल कोमट पाण्यात टाकून बघा. त्याचे तुकडे झाले तर अख्ख्या पत्रकावर चकचकीत क्लिअर वार्निशचा थर मारा आणि एक दिवस वाळू द्या. मग मात्र प्रत्येक डेकल कडेला लागून कापावं लागतं, कारण वार्निशने सगळ्यांवर एकच सलग पापुद्रा तयार झालेला असतो. विमानावरही डेकल लावण्याआधी चकचकीत थर हवा, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात.

तर आज रात्री पत्रक स्कॅन करा आणि उद्या सकाळी खिडकीला लावा. त्याचा पिवळेपणा उतरेपर्यंत तुमची ती अडलेली जागा, शिवणी आणि प्रायमर आरामात होऊन जाईल.