खोक्यांना साडीचे काठ लावण्याआधी

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कुरियरच्या खोक्यांना जुन्या साडीचं कापड चिकटवलं की ती वाकडी का होतात, पावसाळ्यात त्यांना बुरशी येऊ नये म्हणून काय करायचं, आणि कॉफीच्या बरण्या, मिठाईचे बॉक्स, तेलाचा डबा या जमवलेल्या मालातून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काय देता येईल. घर डोंबिवलीत म्हणजे दमटपणा गृहीत धरायलाच हवा. मी या छंदाकडे बाइंडिंगच्या कामातून आले, त्यामुळे उत्तर जरा पुठ्ठ्याच्या बाजूने झुकलेलं असेल.

वाकडेपणाला कापड नाही, पाणी कारणीभूत आहे. फेव्हिकॉल असो की घरी पिठाची शिजवलेली खळ, पाणी दोन्हींत आहे. कापड किंवा कागद ओला झाला की सैलावतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. तुम्ही फक्त बाहेरून कापड लावलंत, म्हणून भिंतींच्या कडा बाहेर वळल्या आणि पोट आत गेलं. उपाय एकच, आतूनही अस्तर लावायचं. साधा ब्राउन पेपर पुरतो. दोन्हींकडची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ राहतो. वहीच्या कव्हरला आतून कागद लावतात तो नुसता शोभेचा नसतो. प्रत्येक भिंतीचा तुकडा वेगळा कापा, गोंद पातळ आणि सगळीकडे सारखा लावा, मग आत कोरे कागद घालून जाड पुस्तकं ठासून भरा आणि खोकं रात्रभर तसंच ठेवा. पंख्याखाली घाईने वाळवू नका.

खोकं कापून लहान करणार असाल तर पुठ्ठ्यातल्या नळ्यांकडे बघा. कापलेल्या कडेला नागमोडी कागद दिसतो, त्याच्या नळ्या भिंतीत उभ्या यायला हव्यात. आडव्या आल्या तर वर दुसरा खोका ठेवताच भिंत बसते. तळाला मात्र दोन थर लावा आणि त्यांच्या नळ्या एकमेकींना काटकोनात ठेवा. पुस्तकं ठेवायची असतील तर थ्री प्लायच्या, म्हणजे तीन कागदी थरांच्या पुठ्ठ्याच्या नादी लागू नका, फाइव्ह प्लायचं, म्हणजे पाच थरांचं खोकं घ्या. मिक्सर किंवा त्याहून जड वस्तू बहुधा त्यातच येते.

साडीच्या काठावर गोंदाचे डाग उमटले, असंही तुम्ही लिहिलंय. रेशमी किंवा विरळ कापडातून गोंद वर येतोच. गोंद कापडाला न लावता पुठ्ठ्याला लावा, तो थोडा चिकट होईपर्यंत थांबा आणि मग कापड मधून कडांकडे हाताने सपाट करत न्या. कापड फारच तलम असेल तर आधी त्याच्या पाठीला खळीने पातळ कागद चिकटवून वाळू द्या. खणाचं कापड यासाठी फार सोयीचं, घट्ट विणीचं असल्यामुळे नवख्या हातालाही साथ देतं. गमटेप मात्र आधी पूर्ण सोलून काढा, त्याच्यावर काहीच टिकत नाही. मिठाईच्या बॉक्सचंही तेच. वरचा चकचकीत थर पॉलिश पेपरने घासल्याशिवाय गोंद धरत नाही. खरं सांगायचं तर ते बॉक्स सजवण्यात वेळ घालवू नये. झाकण आणि तळ वेगळे करून ड्रॉवरमध्ये कप्पे म्हणून वापरा, बटणं, रबरबँड, चार्जरच्या वायरी त्यात छान राहतात.

आता बुरशी. पुठ्ठा हवेतलं पाणी पितो आणि त्याचे थर जोडणारा गोंद स्टार्चचा असतो, म्हणजे बुरशी, झुरळं आणि कसर या सगळ्यांसाठी पंगत मांडलेलीच. किराणा दुकानातून आणलेलं खोकं घरात घेण्याआधी आपटून, सगळ्या घड्या उघडून उन्हात ठेवा, झुरळांची अंडी तिथेच असतात. काम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. जुलैत चिकटवलेला पुठ्ठा आतून ओलाच राहतो. कापलेल्या कडा आणि तळ यांना सुतारकामातली चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोनदा फिरवा. तळाच्या चारही कोपऱ्यांना बाटल्यांची झाकणं पाय म्हणून चिकटवा, खालून हवा खेळली पाहिजे. आत दूध-ज्यूसचे टेट्रापॅक कापून, धुऊन अंथरले तर ओल वर येत नाही. त्या पॅकमध्ये सुमारे 75 टक्के कागद असला तरी आतून-बाहेरून प्लास्टिकचा थर आहे आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियम. बाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात आणि त्याने कीड खरंच दूर राहते, पण ते विषारी आहे. लहान मूल असलेल्या घरात आणि स्वयंपाकघरात नको. बाहेरच्या भिंतीला टेकून किंवा माळ्यावर खोकी ठेवू नका. ज्यांना आधीच बुरशी आली आहे ती पुसून वाचवायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या.

तेलाचा 15 किलोचा डबा ही तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू आहे. पूर्वी घरोघरी याच डब्यांना झाकण आणि कडी-कोयंडा बसवून धान्य भरत. पत्र्याचं काम करणारा कारागीर अजून मिळाला तर त्याच्याकडूनच वरचं तोंड कापून घ्या, कारण तो काठ दुमडून आत तार घालतो. घरी कात्रीने कापलेला पत्रा हात कापल्याशिवाय राहत नाही. आतलं तेल आधी लाकडाच्या भुशाने किंवा राखेने टिपा, मग धुण्याचा सोडा आणि कढत पाणी, मग ऊन. तेलाचा अंश राहिला तर महिनाभरात खवट वास येतो. बाहेरून रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा हात, त्यावर ऑइल पेंट. तळ साधारण नऊ इंच चौरस असतो, म्हणून आधी फळीची खोली मोजा.

बरण्यांच्या लेबलाचा कागद गरम पाण्यात सुटतो. मागे राहणारा चिकटा खोबरेल तेल आणि खायचा सोडा एकत्र करून चोळला की निघतो. लोणच्याचा वास काचेत नसतो, झाकणाच्या आतल्या चकतीत असतो, ती उन्हात ठेवा किंवा झाकणच बदला. रंगवायचंच असेल तर तोंडापासून दोन बोटं जागा सोडा. सुतळी गुंडाळलेल्या बाटल्या मला स्वतःला आवडत नाहीत, महिन्याभरात त्यात धूळ आणि तेलकटपणा बसतो आणि धुता येत नाहीत. फिनेल, कीटकनाशक, टॉयलेट क्लीनर यांच्या बाटल्या कितीही सुंदर असल्या तरी या ढिगात नकोत.

वाणासाठी पुठ्ठ्याचं काही देऊ नका, प्रत्येकीच्या घरची ओल तुमच्या हातात नाही. तिळगूळ भरलेल्या, झाकणावर खणाचा गोल बांधलेल्या काचेच्या बरण्या द्या. आणि हौस असेल तर आपल्या आज्या करायच्या तशा लगद्याच्या वाट्या: पॅकिंगमधला बिनछपाईचा कागद रात्रभर भिजवून कुटायचा, भिजवलेली मेथी वाटून त्यात मिसळायची, पालथ्या वाटीवर आधी प्लास्टिक आणि मग लगद्याचा थर. मेथीने लगदा चिकट होतो, आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही असं त्या म्हणायच्या. वाट्या वाळायला पुष्कळ दिवस लागतात, म्हणून डिसेंबरच्या मध्याला सुरुवात करा. ओलसर असताना रंगवल्या तर रंगाचे पापुद्रे निघतात. या वाट्या सुक्या वस्तूंसाठीच आहेत, हे देताना प्रत्येकीला सांगा.