स्विच बॉक्स मध्ये आला की आवाज मरतो का?

नाही मरत.

तुमच्या अ‍ॅम्पला एकच ऑक्स इनपुट (बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घ्यायची जागा) आहे आणि जोडायची आहेत चार यंत्रं: सीडी प्लेयर, सेट-टॉप बॉक्स, कॉम्प्युटर, टर्नटेबल. त्यांतलं एक निवडून पुढे देणारा स्विचचा डबा घ्यायचा तर बटणांचा, फिरवायच्या खुंटीचा की रिमोटचा, हेही विचारलंयत. त्याकडे येतो. पण 'जाणकार म्हणतात आवाज मरतो' हे तुमचं वाक्य वाचलं आणि आमचे भावजी डोळ्यांसमोर उभे राहिले. मोठ्या बहिणीचे यजमान. माणूस लाखात एक, कान तयार, आणि या एका विषयावर गेली पंधरा वर्षं आमचं जमलेलं नाही.

माझा पहिला डबा मी स्वतः बनवला होता. पत्र्याची पेटी, मागे आरसीए सॉकेटच्या (मधली पिन आणि बाहेरची कडी असलेल्या प्लगसाठीच्या) पाच जोड्या, चार आत येणाऱ्या आणि एक अ‍ॅम्पकडे जाणारी. पुढे टू-पोल फोर-वे रोटरी स्विच, म्हणजे दोन तारा एकदम चार जागांवर फिरवणारी खुंटी: डावा चॅनेल एका पोलवर, उजवा दुसऱ्यावर. सगळ्या सॉकेटची ग्राउंड, म्हणजे बाहेरच्या कड्या, एका जाड तारेने एकत्र. वीज नाही, आयसी नाही, जळण्यासारखं काहीच नाही. खुंटीभोवती 'सीडी', 'टीव्ही' ही अक्षरं पत्र्यावर कोरून काढली होती, त्यात एक पूर्ण रविवार गेला.

भावजी आले, बसले. टीव्हीवर गाणं लागलं होतं. दोन मिनिटांत म्हणाले, "घूं येतंय." येत होतं. मला आधीपासून ऐकू येत होतं, पण मी मनाला समजावलं होतं. ते उठले, डब्यातली टीव्हीची केबल उपटली आणि थेट अ‍ॅम्पच्या मागे खोचली. घूं बंद. "बघ. काढून टाक तो डबा. जितके सांधे तितकी घाण." ताई हसली. मी काय बोलणार, पुरावा समोर होता.

तर त्यांचं ऐकून डबा माळ्यावर टाकला आणि पुढचं वर्षभर हातानं केबली बदलत बसलो. रॅक भिंतीला टेकलेला. तोंडात टॉर्च, एक हात मागे, पिन चाचपडत खोचायची. एका रात्री सीडीची पिन काढून कॉम्प्युटरची खोचली. अ‍ॅम्प चालू, व्हॉल्यूम होता तिथेच. जो दणका बसला, त्यात डाव्या स्पीकरच्या वूफरची कॉइल गेली.

याचं कारण आरसीए पिनच्या घडणीतच आहे. मधली पिन आधी टेकते, बाहेरची कडी नंतर. त्या मधल्या क्षणभरात सिग्नलची तार अ‍ॅम्पला लागलेली असते आणि ग्राउंड मात्र जोडलेलं नसतं, त्यामुळे मेन्सची (घरच्या विजेची) सगळी घरघर अ‍ॅम्पमध्ये घुसते आणि तो ती इमानेइतबारे मोठी करून स्पीकरला देतो. म्हणजे चालू अ‍ॅम्पला हातानं पिना बदलणं हीच सगळ्यात वाईट पद्धत, आणि डबा असतो तो नेमकं हे टाळायला.

फोन केला तर भावजी म्हणाले, "व्हॉल्यूम खाली करायला नको का?" करायला हवा होता, कबूल. पण दिवसातून चार वेळा एखादी गोष्ट करायची असेल तर माणूस एकदा तरी विसरणारच.

त्या दिवशी डबा माळ्यावरून खाली आला, तो परत गेला नाही. वादही तेव्हापासून पेटला.

त्यांचा पहिला मुद्दा सांध्यांचा. धड स्विचच्या संपर्काचा रोध मिलीओहममध्ये असतो आणि पुढे अ‍ॅम्पच्या इनपुटचा रोध असतो 10 ते 50 हजार ओहम. हजारांपुढे हजारावे हिस्से. यातून काय मरणार? दुसरा मुद्दा, केबल लांबते म्हणून वरचे सूर जातात. साधारण केबलची कपॅसिटन्स (वरचे सूर गिळणारा गुण) मीटरला 100 पिकोफॅरडच्या आसपास. तीन मीटर धरा आणि सीडी प्लेयरचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडतानाचा रोध) चांगला 1000 ओहम धरा, तरी आवाज उतरायला लागतो तो 5 लाख हर्ट्झच्या वर. भावजींचे कान कितीही तयार असोत, माणसाचे कान 20 हजारांवर थांबतात. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या स्वतःच्या त्या भल्यामोठ्या अ‍ॅम्पवर पाच इनपुट आहेत आणि ते निवडायला पुढे एक खुंटी आहे. ती खुंटी आत काय करते? हेच. हे मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "ती कंपनीने बसवलेली आहे."

शेवटी त्यांच्याच घरी परीक्षा लावली. सीडी प्लेयरच्या आउटपुटला वाय-केबल, एक फाटा थेट अ‍ॅम्पच्या एका इनपुटला, दुसरा माझ्या डब्यातून दुसऱ्या इनपुटला. (एका आउटपुटचे दोन फाटे करायला वाय-केबल चालते. दोन आउटपुट जोडून एका इनपुटला घालायला कधीच वापरू नका, दोन्ही यंत्रं एकमेकांवर लोड होतात. डब्याऐवजी वाय-केबल लावा असं सांगणारे भेटतील, त्यांना हात जोडा.) भावजी पाठ करून बसले. ताई नाणं उडवून इनपुट निवडायची, तेच गाणं, तेवढाच व्हॉल्यूम. वीस वेळा ऐकवलं. डब्यातून येतंय की थेट, हे त्यांनी अकरा वेळा बरोबर ओळखलं. वीसपैकी अकरा तर त्या नाण्यानेसुद्धा ओळखले असते. त्यावर त्यांचं म्हणणं, रेकॉर्डिंगच तेवढ्या लायकीचं नव्हतं. गाणं त्यांनीच निवडलेलं.

असो. तुमचा प्रश्न.

खुंटीचा घ्या. बटणांच्या डब्यात एक बटण दाबलं की दुसरं वर येतं, पण दोन बटणं एकदम दाबली की बऱ्याच डब्यांत दोन्ही खाली बसतात आणि दोन यंत्रांचे आउटपुट एकमेकांना भिडतात. घरात लहान मूल असेल तर हे होणारच. रिमोटचा मी वापरलेला नाही. त्यात रिले (विजेवर चालणारे स्विच) असतात, त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि मला डब्याला वीज लागणंच पटत नाही. सॉकेटवरच्या सोन्याच्या मुलाम्यावर खर्च करू नका. वर्ष-दोन वर्षांनी एखादा चॅनेल खरखरला तर खुंटी दहा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवायची, तेवढ्याने संपर्क घासून निघतो. नाहीच गेलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. आणि स्पीकर सिलेक्टर म्हणून मिळतो तो उचलून आणू नका. तो अ‍ॅम्पच्या पुढे, स्पीकरच्या तारांवर लावायचा असतो.

टर्नटेबल मात्र थेट डब्यात घालू नका. सीडी प्लेयर 2 व्होल्टपर्यंत देतो, टर्नटेबलच्या सुईचं एमएम कार्ट्रिज जेमतेम 3 ते 5 मिलीव्होल्ट. आधी हा बारीक सिग्नल मोठा करणारा फोनो प्रीअ‍ॅम्प, मग डबा, आणि टर्नटेबलची ती बारीक ग्राउंडची तार प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला. बाकी तीन यंत्रं लाइन लेव्हलची, म्हणजे सिग्नल आधीच पुरेसा मोठा असलेली, कुठलंही कुठेही लावा. फक्त सगळ्यांचा आवाज सारखा येत नाही. सेट-टॉपवर वाढवून ऐकत असाल आणि तसंच सीडीवर फिरवलंत तर दचकाल. आणि जे यंत्र ऐकत नसाल ते बंद ठेवा. स्वस्त डब्यात शांत जागी शेजारच्या यंत्राचं गाणं बारीक, किनरं झिरपतं.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती आधी सांगायला हवी होती. ते घूं.

पुढे एकदा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता, म्हणून त्याची केबल डब्यातून काढलेली होती. टीव्ही लावला तर घूं नाही. परत आणून जोडला, घूं हजर. टीव्हीवरही आणि कॉम्प्युटरवरही. सीडीवर मात्र नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटरला तीन पिनांचा प्लग, म्हणजे त्याचं ग्राउंड घरच्या अर्थिंगला. सेट-टॉपला बाहेरून येणाऱ्या केबलची जाळी, ती तिकडे कुठेतरी जमिनीला बांधलेली. माझा अ‍ॅम्प दोन पिनांचा, म्हणून यातलं एकच यंत्र जोडलं की काही बोंब नव्हती. दोन्ही एकदम जोडणारी जागा घरात एकच, माझ्या डब्यातली ती जाड तार. त्या तारेतून ग्राउंड लूप, म्हणजे दोन अर्थिंगांमधला वळसा, पुरा होत होता, आणि त्यात फिरणारी वीज घूं करत होती. खुंटी सिग्नल बदलत होती, ग्राउंड मात्र सगळ्यांची कायम एकमेकांच्या गळ्यात.

मग स्विच बदलून फोर-पोल घातला, म्हणजे सिग्नलबरोबर ग्राउंडही बदलतं. सॉकेटखाली प्लास्टिकचे वॉशर घालावे लागले, नाहीतर पत्र्यातून सगळी ग्राउंड परत एक होतात. फिरवताना टप्पकन आवाज येतो, म्हणून व्हॉल्यूम खाली करूनच फिरवायचं. (हो, माहीत आहे.) घूं गेलं ते गेलंच.

तुम्हीही कॉम्प्युटर आणि सेट-टॉप दोन्ही लावणार आहात. तेव्हा ग्राउंडही बदलणारा डबा मिळतो का बघा. नाही मिळाला तर साधा घ्या आणि कॉम्प्युटरच्या लाइनमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज जाऊ देणारा, पण ग्राउंड तोडणारा) घाला. प्लगची अर्थची पिन काढून टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घूं जाईल, पण शॉक लागायची वेळ आली तर वाचवणारी तीच पिन असते.

फोर-पोलची ही भानगड भावजींना मी अजून सांगितलेली नाही. कळलं तर म्हणतील, "म्हणजे घूं डब्यामुळेच येत होतं." तेवढं त्यांचं खरं आहे. वूफरचं मात्र मी सोडणार नाही.